प्रोत्साहन अनुदानाच्या हिशेबात रिकाम्या जागाही मोजाव्यात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

औद्योगिक गुंतवणुकीच्या सामंजस्य करारांच्या बातम्या आपल्या दैनिकात पहिल्या पानावर येतात आणि त्यांत किती कोटींची गुंतवणूक व किती हजार रोजगार हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून २९ वर्षे काम करून मी निवृत्त झालो असल्यामुळे या दोन आकड्यांपैकी दुसरा मी आधी वाचतो. पहिल्या आकड्याचा हिशेब पुढे कोणी ना कोणी ठेवतेच. जमीन दिली जाते, यंत्रसामग्रीची बिले सादर होतात, सनदी लेखापालाचा दाखला जोडला जातो आणि त्यावर अनुदान मंजूर होते. दुसऱ्या आकड्याचे पुढे काय झाले, त्यातल्या किती जागा प्रत्यक्षात निघाल्या, त्या कोणाला कळल्या आणि कोणी भरल्या, हे मात्र ज्या तालुक्यात कारखाना उभा राहतो त्या तालुक्यालाही समजत नाही. या एकाच गोष्टीविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

आमच्या संस्थेपासून औद्योगिक वसाहत साडेतीन किलोमीटरवर आहे. वसाहतीच्या मुख्य रस्त्यावर एक मोठा कारखाना आहे. माझ्या शेवटच्या तुकडीतील एक विद्यार्थी, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पहिल्या प्रयत्नात आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र घेऊन त्या कारखान्याच्या गेटवर गेला. रखवालदाराने त्याचे नावही लिहून घेतले नाही. कंपनीत भरती नाही, ठेकेदाराला भेट, एवढेच सांगितले. ठेकेदाराचा मोबाइल क्रमांक गेटसमोरच्या विजेच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर होता. ठेकेदाराने फोल्डर उघडला नाही. बारा तास उभे राहून काम जमेल का, एवढा एक प्रश्न विचारला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पॅकिंगला लावले. दोन वर्षे कानस चालवून, व्हर्नियर या मोजमापाच्या साधनावर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप घ्यायला शिकलेला मुलगा आज खोक्यांना टेप लावतो. तो तक्रार करत नाही, कारण घरी पैसे पोहोचतात. पण त्याच्या धाकट्या भावाने आयटीआयचा अर्ज भरलाच नाही, आणि त्याचे कारण विचारायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या वडिलांनी दिलेल्या उत्तराला माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हते. ते म्हणाले, "गुरुजी, टेपच लावायचा असेल तर त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवायची?"

त्याच वसाहतीच्या मागच्या रांगेत पत्र्याची एक लहान शेड आहे. चार लेथ, एक मिलिंग मशीन आणि बँकेचे कर्ज काढून घेतलेले एक सीएनसी, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणावर चालणारे, मशीन. अकरा माणसे काम करतात. शेडच्या दारावर पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहिलेली पाटी आहे: 'टर्नर व सीएनसी ऑपरेटर पाहिजेत'. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. पुढचा पावसाळा संपला तेव्हा रंग उडाला होता आणि पाटी तिथेच होती. मालकांना विचारले की आमच्या संस्थेला का कळवले नाही, तर ते म्हणाले की कळवायचे कोणाला हेच ठाऊक नव्हते. कोणाला ठाऊक असेल तर ते संस्थेला असायला हवे होते. साडेतीन किलोमीटरवर दर वर्षी टर्नरची, म्हणजे लेथवर काम करणाऱ्यांची, एक तुकडी बाहेर पडत असताना आमच्यातील एकानेही, मी स्वतः धरून, त्या मागच्या रांगेत जाऊन चौकशी केली नव्हती. ही चूक मला आजही बोचते.

जागा आहेत आणि त्या जागांसाठी शिकलेली मुलेही आहेत, पण दोघांची गाठ घालून देणारे कोणी नाही, असे माझे निरीक्षण आहे. आणि ही गाठ घालून देण्याचे साधन शासनाच्या हातात आहे, कारण मागास भागातील उद्योगाला शासन मोठी मदत देते.

ही मदत आजची नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ मध्ये सुरू झाली. पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. २००७, २०१३ आणि २०१९ च्या योजना आजच्या उद्योजकांच्या परिचयाच्या आहेत. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी, त्याखेरीज विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग, आणि तालुका जितका मागास तितके प्रोत्साहन अधिक व अधिक काळासाठी, अशी तिची रचना आहे. भरलेल्या राज्य करातून परतावा, विद्युत शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी, लहान उद्योगांना व्याजात सवलत, असे तिचे स्वरूप असते. शिवाय विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड व ड+ क्षेत्रांतील उद्योगांना २०१६ पासून वीजदरात वेगळी सवलत देण्याचे धोरण आले. या मदतीला माझा विरोध नाही. ती नसती तर आमच्या वसाहतीत आज आहेत तेवढे कारखानेही आले नसते. बंदरापासून आणि मोठ्या बाजारपेठेपासून दूर असलेल्या, पाण्याची टंचाई असलेल्या तालुक्यात कारखाना काढणाऱ्याचा वाढीव खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे, आणि तो शासनाने सोसणे योग्य आहे.

परंतु हे प्रोत्साहन प्रामुख्याने स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात मोजले जाते. जमीन, इमारत आणि यंत्रे यांत जितके पैसे घातले, त्याच्या अमुक टक्क्यांपर्यंत लाभ, असा हिशेब असतो. २०१३ च्या योजनेत विशाल प्रकल्पाचा दर्जा मिळवण्यासाठी ठरावीक गुंतवणूक किंवा ठरावीक प्रत्यक्ष रोजगार यांपैकी एक अट पुरी केली तरी चालत असे. म्हणजे ज्या कारखान्यात माणूस कमी आणि स्वयंचलित यंत्र अधिक, त्याचा लाभाचा आकडा सहज मोठा होतो. आणि ज्या शेडमध्ये अकरा माणसे चार लेथवर दोन पाळ्यांत राबतात, तिची गुंतवणूकच लहान असल्याने तिचा लाभही लहान राहतो. यंत्र आणू नये असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मी स्वतः मुलांना सीएनसी शिकता यावे म्हणून संस्थेत मशीन आणण्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला आहे. पण ज्या कारणासाठी जनतेचा पैसा मागास तालुक्यात खर्च होतो ते कारण तेथील माणसाला काम मिळावे हे असेल, तर मोजमापात माणूस मुख्य असायला हवा.

येथे कोणी म्हणेल की स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे बंधन आधीच आहे. ते आहे. राज्य शासनाचे हे धोरण जुने आहे, आणि २००८ च्या शासन निर्णयाने पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के आणि इतर श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिक व्यक्ती असाव्यात असे ठरवून दिले. परंतु या निर्णयात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. भूखंड ज्या गावाच्या शिवारात आहे त्या गावची, किंवा त्या तालुक्याची व्यक्ती, असा त्याचा अर्थ नाही. सर्वसामान्य वाचकाचा या शब्दामुळे मोठा गैरसमज होतो. पुढाऱ्यांच्या भाषणात स्थानिक म्हटले की गावकऱ्याला आपला मुलगा दिसतो, आणि कागदावर त्याचा अर्थ संपूर्ण राज्य असा असतो.

तरीही स्थानिक या शब्दाची व्याख्या तालुक्यापुरती आवळावी, अशी माझी मागणी नाही. प्रत्येक तालुक्याने आपल्याभोवती कुंपण घातले तर सर्वांत आधी नुकसान आमच्याच मुलांचे होईल. कारण नांदेड, परभणी, हिंगोलीची हजारो मुले चाकण, रांजणगाव आणि वाळूज येथील कारखान्यांत काम करत आहेत. कायद्याच्या दृष्टीनेही ही वाट निसरडी आहे. खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राज्यातील रहिवाशांसाठी राखून ठेवणारा हरियाणाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला. कर्नाटकात २०२४ मध्ये असेच विधेयक आणण्याचे ठरले आणि काही दिवसांतच ते थांबवावे लागले. मला राखीव जागा नको आहेत, मला माहिती हवी आहे. कारखान्यात कोणती जागा निघाली, तिला कोणते शिक्षण लागते, वेतन किती आहे, नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, आणि अर्ज कोठे व कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, एवढी माहिती त्या तालुक्यातील मुलाला इतरांच्या बरोबरीने आणि वेळेत मिळावी. ती मिळाल्यावर निवड गुणवत्तेवर होऊ द्या.

अशी माहिती देणे हे तर आपल्याकडे फार पूर्वीच कायद्याने ठरले. सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे सक्तीने कळवण्याचा कायदा १९५९ चा आहे. २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना त्यात रिक्त पदे कळवण्याचे आणि तिमाही विवरणपत्र भरण्याचे बंधन घातले होते. नंतर आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही रिक्त पदे करिअर सेंटरला कळवण्याची तरतूद ठेवली आहे. राज्याच्या कौशल्य विभागाचे महास्वयम् हे संकेतस्थळही आहे, त्यावर नोकरी शोधणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही नोंदणी करता येते. मग अडते कोठे? माझ्या अनुभवाप्रमाणे ते तीन ठिकाणी अडते. लहान शेड संख्येच्या अटीत बसत नाही, त्यामुळे तिला कोणी विचारत नाही. मोठ्या कारखान्यात बहुतेक खालच्या जागा कंत्राटदाराकडे गेलेल्या असतात, त्यामुळे कारखान्याच्या हिशेबी जागा रिकामी झालेलीच नसते. माणूस जातो, दुसरा येतो आणि कंपनीच्या विवरणपत्रात काहीच बदलत नाही. आणि तिसरे, कळवले नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. या कायद्यातील दंड किरकोळ होता आणि अनुदानाचा हप्ता देताना या विवरणपत्राची विचारणा झाल्याचे मी तरी कधी ऐकले नाही.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य सूचना अशी आहे की, प्रोत्साहन योजनेतील प्रत्येक लाभार्थी घटकाने वर्षभरात निघालेली प्रत्येक जागा, कंत्राटदारामार्फत भरायची असली तरीसुद्धा, भरण्यापूर्वी किमान पंधरा दिवस महास्वयम् वर, त्या तालुक्याच्या आयटीआयच्या फलकावर आणि कारखान्याच्या गेटवर जाहीर केली पाहिजे, आणि त्याचा दाखला जोडल्याशिवाय त्या वर्षाचा परतावा जिल्हा उद्योग केंद्राने पुढे पाठवू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी राखीव टक्केवारी लागत नाही आणि न्यायालयात टिकेल की नाही याची चिंताही नाही. पैसे देणाऱ्याने घातलेली ती एक साधी अट असेल. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून काम करत आहेत. उद्योजकाला लागणारी मदत एका छताखाली मिळावी हा त्यांचा उद्देश. त्याच छताखाली कामगारासाठीही एक खिडकी असावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, तेथे रस्ता, पाणी, वीज, पथदिवे यांच्या तक्रारी निघतात आणि त्यांपैकी काही सुटतातही. त्या बैठकीला आयटीआयच्या प्राचार्यांना नियमाने बोलवावे आणि रिक्त जागांचा विषय दर वेळी पटलावर असावा. तेथेच प्रत्येक लाभार्थी घटकाला किती रक्कम मिळाली आणि त्याच्याकडे कायम, कंत्राटी व शिकाऊ असे किती लोक काम करतात, याचा तक्ता सर्वांसमोर ठेवावा.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेल्यावर मला या गोष्टीचे मर्म समजले होते. तेथे वर्कशॉपला वर्कशॉप लागून आहे, फाउंड्रीवाला आणि मशीनशॉपवाला एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात, आणि एखाद्याकडे टर्नरची जागा रिकामी झाली तर संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर ती सर्वांना कळते. त्यांना संकेतस्थळाची फारशी गरज पडत नाही, कारण तो उद्योग त्या मातीतच वाढला. आमच्याकडील वसाहती तशा वाढलेल्या नाहीत. मालक दुसऱ्या शहरातून येतो, व्यवस्थापक तिसऱ्या शहरातून येतो, आणि ज्याला माणसे आणायला सांगितले जाते त्या ठेकेदाराला ज्यांचा पत्ता ठाऊक आहे तीच माणसे येतात. यात कोणाचा दुष्टावा आहे असे मी म्हणत नाही. ओळखीचे जाळे जेथे नाही तेथे ते विणावे लागते, आणि ते विणण्याचे काम शासनाच्या मदतीनेच होऊ शकते.

आमच्या मुलांचा दोष काहीच नाही असेही मी म्हणणार नाही. पोलादाची भट्टी, ओतकाम, रंगकाम अशा ठिकाणी स्थानिक मुले टिकत नाहीत, ही उद्योजकांची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. पण या तक्रारीच्या मुळाशी जाऊन पाहिले की वेगळी कारणे दिसतात. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही हे ठाऊक नसते, हातमोजे आणि बूट स्वतःच्या पैशाने आणावे लागतात, आणि आज आहे ते काम पुढच्या महिन्यात असेल याची खात्री नसते. दूरच्या राज्यातून आलेला कामगार हे सारे सोसतो, कारण त्याला परत जाण्यासाठी जवळ घर नसते. त्याच्या असहायतेला आपण मेहनतीपणा म्हणतो, आणि घराजवळ राहणाऱ्या मुलाने हेच सोसायला नकार दिला की त्याला आळशी म्हणतो. दोघांवरही हा अन्याय आहे.

आणखी एक बाब कार्यालयात बसून लक्षात येत नाही. आमच्या वसाहतीत पहिली पाळी सकाळी सात वाजता सुरू होते आणि त्या बाजूला जाणारी पहिली एसटी साडेसातला सुटते. ज्या मुलाच्या घरी मोटारसायकल आहे तो पहिल्या पाळीला जाऊ शकतो. मुलींचे तर नावच नको. इलेक्ट्रिशियन आणि कोपा (संगणक चालक) या व्यवसायांत आमच्या संस्थेतील मुली मुलांपेक्षा चांगले गुण मिळवतात, आणि त्यांतील बहुतेक जणी वसाहतीच्या गेटपर्यंतही पोहोचत नाहीत, कारण पाळी सुटल्यावर रात्री परत येण्याची सोय नाही. कोट्यवधींच्या परताव्याच्या तुलनेत पाळीच्या वेळेला धरून दोन बसफेऱ्या सुरू करण्याचा खर्च नगण्य आहे. आगारप्रमुखांना एक पत्र गेले आणि वसाहतीतील कारखान्यांनी मिळून फेरीच्या तुटीची हमी घेतली, तर हे महिनाभरात होण्यासारखे आहे.

आता स्थानिक उद्योगाकडे, म्हणजे त्या मागच्या रांगेतील शेडकडे वळतो. कारण स्थानिक उद्योगाला मदत म्हणताना आपण बहुधा बाहेरून आलेल्या मोठ्या कारखान्याला दिलेली मदत मोजतो आणि खऱ्या अर्थाने स्थानिक असलेला उद्योजक बाजूला राहतो. त्याच्यासाठी योजना नाहीत असे नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सुरुवातीला उत्पादन उद्योगासाठी ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पाला १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद होती आणि ग्रामीण भागाला त्यात झुकते माप आहे. मुले अर्ज करतात, जिल्हा समिती शिफारस करते आणि मग प्रकरण बँकेत जाऊन थांबते, कारण अनुदान शासनाचे असले तरी प्रकल्पाचा मोठा भाग बँकेच्या कर्जाचा असतो आणि शाखाधिकाऱ्याला ते कर्ज वसूल होईल याची खात्री हवी असते. त्याचेही चुकते असे मला वाटत नाही. पण ज्या मुलाच्या हाती मोठ्या कारखान्याची जॉबवर्कची, म्हणजे सुटे भाग बनवून देण्याची, ऑर्डर आहे, त्याचे कर्ज बुडण्याची शक्यता किती कमी होते! म्हणून लाभार्थी मोठ्या घटकाने आपल्या खरेदीचा काही भाग त्याच वसाहतीतील लहान घटकांकडून घ्यावा आणि तसा लेखी करार बँकेपुढे ठेवता यावा, अशी व्यवस्था अनुदानापेक्षाही अधिक उपयोगी पडेल.

मात्र ऑर्डर मिळून भागत नाही, पैसेही मिळावे लागतात. पाटी लावणाऱ्या त्या मालकांनी मला आपली वही दाखवली. ज्या मोठ्या घटकासाठी ते बुश आणि फ्लँज बनवतात, त्याच्याकडे त्यांचे पाच महिन्यांचे बिल अडकले होते. कामगारांचा पगार ते कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे व्याजाने पैसे उचलून, दर महिन्याच्या सात तारखेला करत होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु घटकाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि दाद मागण्यासाठी सुविधा परिषद आहे. त्यांना हे सर्व ठाऊक होते. मग तक्रार का करत नाही, असे विचारल्यावर त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "तक्रार केली तर हे पैसे मिळतील हो, पुढची ऑर्डर मिळणार नाही." सीएनसी ऑपरेटरला चार पैसे जास्त देऊन टिकवायचे म्हटले तर त्यांच्या हाती रोकड नाही, म्हणून पाटी दारावर राहते. माझ्या विद्यार्थ्याची नोकरी त्या अडकलेल्या बिलात आहे, हे मला त्या वहीसमोर बसल्यावर कळले.

येथे माझी दुसरी सूचना आहे. कंपन्यांना लहान पुरवठादारांची ४५ दिवसांहून अधिक थकलेली देणी कंपनी निबंधकांकडे दर सहामाहीला कळवण्याचे बंधन २०१९ पासून आहे. आयकर कायद्यातही अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा करता येत नाही, अशी तरतूद गेल्या काही वर्षांत झाली. म्हणजे माहिती शासनाकडे येतेच. मग राज्य शासनाने प्रोत्साहनाचा हप्ता देण्यापूर्वी ते सहामाही विवरणपत्र मागवावे आणि राज्यातील लहान घटकांची मुदत उलटलेली रक्कम शिल्लक असेल तर ती चुकती होईपर्यंत हप्ता थांबवावा. यात लहान मालकाला तक्रारदार व्हावे लागत नाही, त्याचे नाव पुढे येत नाही आणि ऑर्डर जाण्याची भीती उरत नाही. एका हाताने जनतेकडून प्रोत्साहन घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या शेडचे पैसे पाच महिने अडवायचे, हे चालू देऊ नये.

शिकाऊ उमेदवारीबद्दल थोडक्यात लिहितो. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, इतका भार शासन उचलते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा देण्याचे ठरले. दोन्ही योजनांमागचा हेतू चांगला आहे. पण वर्ष संपले की जुनी तुकडी घरी आणि त्याच जागी नवी तुकडी, असे ज्या कारखान्यात सलग घडते, तेथे शिकवणे चाललेले नसून कमी पैशांत कायमचे काम करून घेणे चाललेले असते. किती उमेदवार शिकून गेले आणि त्यांपैकी कितींना त्याच ठिकाणी किंवा अन्यत्र नोकरी लागली, हा आकडा पुढच्या वर्षीच्या मंजुरीशी जोडला तर हे आपोआप कमी होईल.

आमच्या संस्थांकडेही पाहिले पाहिजे. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, आणि त्यांतील अनेकांना २००७-०८ नंतरच्या केंद्रीय योजनेत उद्योगाच्या भागीदारीने प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले होते. संस्था व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष उद्योगातील असावा, अशी त्यात रचना होती. आमच्याकडे त्या समितीवर मोठ्या कारखान्याचे अधिकारी येत, चहा होई, इतिवृत्तावर सह्या होत. मागच्या रांगेतील एकही मालक त्या समितीवर नव्हता. आणि खरे सांगायचे तर टर्नरची गरज त्यालाच होती. समितीवर निम्मे सदस्य त्या तालुक्यातील लहान घटकांचे असावेत, आणि शिल्पनिदेशकाने महिन्यातून एक दिवस वसाहतीत फिरून रिकाम्या जागांची यादी आणावी, असे त्याच्या कामातच लिहिलेले असावे. निवृत्तीनंतर मी हे स्वतःहून सुरू केले आहे. गेल्या चार महिन्यांत तेरा शेडमध्ये गेलो आणि नऊ जागांची यादी एका वहीच्या पानावर उतरवली, तिची छायाप्रत संस्थेच्या फलकावर लावली. त्यांतील पाच जागा भरल्या. एका निवृत्त माणसाला सायकलवर फिरून हे करता येत असेल, तर ज्यांच्याकडे कार्यालय, कर्मचारी आणि अनुदान अडवून ठेवण्याचा अधिकार आहे त्यांना नक्कीच करता येईल.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. सामंजस्य कराराची बातमी छापताना, त्याच भागात तीन वर्षांपूर्वी जाहीर झालेल्या प्रकल्पात आज किती माणसे कामावर आहेत, हा आकडा आपल्या तालुका वार्ताहराकडून मागवून शेजारी छापावा. आणि जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एकदा, भावपत्रकाच्या खाली चार बोटांची जागा वसाहतीतील रिकाम्या जागांसाठी द्यावी. आमच्या तालुक्याची यादी मी दर सोमवारी पाठवत जाईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
मराठवाडा